पट्टा मुठीत, मनगटावर नाही

४ फेब्रुवारी

तांब्या फेकला. नेम चुकला.

कपाटाच्या दाराला पोचा आला, पाणी गादीभर झालं, आणि हा मेला कुशीवर वळून पुन्हा घोरायला लागला! नवऱ्याच्या टाळक्याऐवजी कपाटाला लागला याचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

सकाळी विचारतो, "हे काय गं ओलं?" म्हटलं, "घाम." ते निम्मं खरंच आहे. रोज रात्री छातीत कोणीतरी शेगडी पेटवतं. मग मान, मग कानाच्या पाळ्या. मग गाऊन पिळून काढावा इतका घाम. मग हुडहुडी. मग टक्क जागी. आणि मग याचं घोरणं!

ही वही लेकीच्या कपाटात सापडली, अर्धी कोरी. ती शिकायला परगावी गेली तेव्हा टाकून गेली. कोणाशी तरी बोलायला हवं. माणसांशी बोलायला तोंड उघडलं की भांडणच होतंय.

५ फेब्रुवारी

झोप नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वन्सं आल्या होत्या. याची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहते. आमच्या घरात काय शिजतंय ते आमच्याआधी त्यांच्या नाकाला कळतं.

"पाळी जायच्या बेताला आली की असं व्हायचंच गं. आम्ही नाही काढले दिवस? कामात राहावं, म्हणजे झोप लागते."

कामात राहावं! सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काचा उचलते, ती काय मी शिळोप्याच्या गप्पा मारत असते? वर म्हणतात कशा, "झोपताना गरम दूध घेत जा." इथे उकडून जीव चाललाय आणि ही बाई मला गरम दूध पाजतेय! मी कप असा आपटला की कान माझ्या हातात आणि कप टेबलावर.

वन्सं पदर सावरत उठल्या. "जिभेला हाड नव्हतंच तुझ्या. आता हातालाही राहिलं नाही."

बोलल्या मात्र फर्मास. मनात हसले. मग त्यांच्या पाठीवर तो कान फेकून मारावासा वाटला.

१० फेब्रुवारी

आज काच हातातून बोटभर घसरली.

आमचं काचेचं दुकान. पुढे गिऱ्हाईक, मागे कापायचं टेबल, घासायचं चाक, भिंतीला टेकून उभ्या काचा. हा कापतो, मी कडा घासते, आणि न्यायचं-बसवायचं दोघं मिळून. गिऱ्हाइकासमोर मी त्याला "अहो" म्हणते, मागच्या खोलीत "अरे". चिडले की दोन्हीकडे "मेल्या".

मोठी काच न्यायची तर खालून जाड कापडी पट्टा घालायचा. दोघांचा एकेक. पट्ट्याची दोन्ही टोकं एका मुठीत, दुसरा हात वरच्या कडेला. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात यानं मला दोन नियम शिकवले. पहिला : पट्टा मुठीत, मनगटावर नाही. मनगटावर गुंडाळला की वजन हलकं वाटतं खरं, पण ऐन वेळी सोडता येत नाही. दुसरा : काच जायला लागली की धरायची नाही. "सोडलं!" म्हणून ओरडायचं, दोघांनी हात उघडायचे आणि उडी मारून लांब व्हायचं. काच दुसरी मिळते. कामाला येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो हे दोन नियम सांगतो, जपमाळ ओढावी तसा. संसाराचे नियम मात्र कोणी सांगितले नाहीत.

आज गिऱ्हाईक बघत होतं आणि माझ्या तळव्यांना एकदम पाझर फुटला. हातमोजा आतून चिंब. काच घसरली. मी मांडी लावून धरली — धरायची नसते, तरी धरली.

"लक्ष कुठंय तुझं?" सगळ्यांसमोर!

"तुमच्या नरड्यावर, अहो."

गिऱ्हाईक हसलं. त्याला वाटलं थट्टा चाललीये.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरकडे जाऊन आले. माझं सगळं ऐकताना तो फोनमध्ये बघत होता. पाळी कधी येते कधी नाही, तीन तासांच्या वर झोप नाही, अंगातून आग निघते, आणि डॉक्टर, मला माणसांना मारावंसं वाटतं. हेही सांगितलं. हो, सांगितलं!

"या वयात चालायचंच. मन रमवा. चिडचिड कमी करा."

टेबलावर त्याचा कागद दाबायचा काचेचा गोळा होता. मी उचलला. तळहातावर तोलला. आत बुडबुडा होता, हलका माल. त्याच्या कपाळाच्या मधोमध बरोबर बसला असता. त्यानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

गोळा खाली ठेवला आणि झोपेच्या गोळ्या घेऊन घरी आले.

१५ फेब्रुवारी

गोळ्या मोरीत टाकल्या. रात्री झोप लागली नाहीच, ती सकाळी कापायच्या टेबलावर लागली. कटर बोटावरून गेला. यानं पट्टी बांधली आणि म्हणाला, "दोन दिवस घरी थांब." घरी! भिंतींकडे बघत! मी म्हटलं, घरी थांबले तर संध्याकाळी तुला घर सापडणार नाही.

१८ फेब्रुवारी

सापडलं! औषध सापडलं!

दुकानामागे लोखंडी पिंप आहे. उरलेले तुकडे त्यात टाकायचे, महिन्याकाठी भट्टीवाला येऊन वितळवायला नेतो. पिंपात जास्त मावावं म्हणून तुकडे हातोडीनं फोडायचे असतात. ते काम कंटाळवाणं, म्हणून नेहमी उद्यावर. काल मी गेले. चष्मा लावला, जाड मोजे घातले, पहिला तुकडा काठावर धरला आणि हाणली!

अहाहा! काय तो आवाज! पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत गार वाटलं. मी हाणत सुटले. पहिला तुकडा डॉक्टर. दुसरा वन्सं आणि त्यांचं गरम दूध. एक लांब पट्टी होती, तिला म्हटलं ही याची घोरणारी नळी, आणि तिचा अगदी भुगा केला. हात भरून आले, तोंडाला फेस आला. गिऱ्हाईक डोकावून गेलं म्हणे. जाऊ दे!

रात्री मढ्यासारखी झोपले. सकाळी यानं उठवलं. यानं! मला!

२० फेब्रुवारी

फोडल्या. झोपले.

२३ फेब्रुवारी

तुकडे संपले. पिंप शिगोशीग. झोप नाही.

रात्री याला लाथ मारली. झोपेत नाही, जागेपणी. विचार करून. पाय मागे घेऊन. तो पलंगाखाली पडला, उठला, उशी घेऊन पुन्हा शेजारीच आडवा झाला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर भांडता आलं असतं! हा असा दगड, आणि मी अशी फुटाण्यासारखी तडतडणारी. याच्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं. भिंतीला निदान पोचा तरी येतो.

२५ फेब्रुवारी

आज चांगली काच फोडली. खिडकीची, कापून घासून ठेवलेली.

"ती बारकी खिडकीची कुठे गेली?"

"तडा होता तिला."

"तडा?" म्हणाला. पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुसरी कापायला घेतली.

तुकड्यांनी आता भागत नाही हे मला कळतंय. दारूड्याला कळतं तसं. काच जितकी मोठी तितकी झोप मोठी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लेक दोन दिवसांसाठी आली. भरल्या घरात बरं वाटलं. तेही तिनं दुपारी विचारेपर्यंतच.

"आई, बाबांच्या कानामागे काय झालंय?"

मंगळवारी केसांचा ब्रश फेकला होता. लाकडी. या खेपेला नेम चुकला नव्हता.

"काच लागली असेल," मी म्हटलं.

"बाबाही तेच म्हणाले. आई, मी काचवाल्यांची पोरगी आहे. काचेनं कापतं. काळंनिळं पडत नाही."

मी भांडी घासत होते. हातात पातेलं होतं. ते मी तिच्या अंगावर उगारलं! माझ्या पोरीवर! ती मागे सरकली नाही, नुसती बघत राहिली आणि हळू म्हणाली, "बाबांना मारू नकोस गं."

पातेलं खाली ठेवलं. मोरीत बसून रडले.

आता लिहूनच ठेवते. मला भीती वाटते. माझ्या हातून एक दिवस हा माणूस जाईल. तांब्यानं नाही, ब्रशनं नाही, काचेनं. रोज त्याच्या माझ्यामध्ये एक धार असते आणि ती माझ्या हातात असते.

१ मार्च

लेक गेली. जाताना त्याला मिठी मारली. मला मारली, पण जपून, तडा गेलेल्या वस्तूला हात लावावा तशी.

२ मार्च

याला म्हटलं, "तू आजपासून बाहेरच्या खोलीत झोप."

"का?"

"तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

"आणि तुला रात्री काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीये? होईल ते तुला होईल!"

"बघू," म्हणाला आणि आपल्या जागेवर पाठ टेकली. पाच मिनिटांत डरकाळ्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला. याच्या घरात आग लागली तरी हा म्हणेल, बघू.

५ मार्च

नाचाचे वर्ग चालवणारी एक बाई आली होती. तिला मोठ्या खोलीची एक भिंत पुरी आरशांची करून हवी आहे. जागा जिन्यानं वर. माझ्याच वयाची, पण पाठ कशी सरळ, डोळे कसे टवटवीत! झोपत असणार सटवी. याच्याशी हसून हसून बोलत होती, आणि हाही पट्टी घेऊन मापं घ्यायला असा लगबगीनं निघाला की गुडघा दुखतो हे विसरलाच.

येताना म्हणाला, "छान बाई आहे."

हातात कटर होता माझ्या. एवढंच लिहिते.

७ मार्च

हल्ली याला नवीन खूळ. या उकाड्यात लांब बाह्यांचे सदरे, मनगटाची बटणं लावून. "ऊन लागतं," म्हणे. दुकानात कसलं ऊन? नाचवालीसाठी नवरदेव झालाय! संध्याकाळी हात धुताना मनगटावर लाल वळ दिसला. म्हटलं, "सुटलायस. घड्याळ घट्ट होतंय." त्यानं बाही खाली ओढली. "हो, कमी खायला पाहिजे."

९ मार्च

आरसे चढवायला सुरुवात. याचा गुडघा गेल्या वर्षी बिघडला तेव्हापासून जिन्यावर हा वर आणि मी खाली. म्हणजे वजन माझ्याकडे. मला चालतं. खांदे मजबूत आहेत माझे. झोपेचं खोबरं झालं, खांद्यांचं नाही.

पण तळवे! दर पायरीला पाझर. दोनदा थांबून मोजे बदलले. तो वरून म्हणाला, "सावकाश. घाई नाही." मी म्हटलं, तोंड बंद ठेव आणि चढ.

११ मार्च

चार रात्री. चारही कोऱ्या. पिंप रिकामं झालंय, भट्टीवाला घेऊन गेला, फोडायला काही नाही. आरशांना हात लावता येत नाही, मापाचे आहेत. चाकावर कडा घासताना आवाज डोक्यात घुसतो आणि रात्रभर तिथेच फिरत राहतो. आज रस्त्यावर एकानं नुसता हॉर्न वाजवला, तर मी त्याच्या गाडीच्या टपावर थैली आपटली. आत डबा होता. टप बसला. त्यानं खाली उतरून माझं तोंड पाहिलं आणि मुकाट्यानं परत आत बसला.

उद्या शेवटचा आरसा. सगळ्यात मोठा.

१२ मार्च

साडी भिजत टाकलीये. पाणी चार वेळा बदललं. अजून लाल.

१४ मार्च

तो जिवंत आहे. आधी ते लिहिते.

आता बाकीचं. सगळं.

आरसा जिन्याच्या मधल्या वळणावर टेकवला, श्वास घ्यायला. आरशाचं तोंड माझ्याकडे. आत एक बाई. चेहरा तांबडा, केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांखाली काळे खड्डे, ओठ घट्ट मिटलेले. अशी बाई रस्त्यात समोरून आली असती तर मी पलीकडच्या बाजूला गेले असते. तेवढ्यात छातीतली शेगडी पेटली. मान, कान, डोळ्यांसमोर लाल. आणि वरून हा म्हणाला, "दमलीस? बसूया का जरा?"

किती गोड बोलला! नेमका तेव्हाच! ओरडला असता तर मी परत ओरडले असते, आणि तिथल्या तिथे मिटलं असतं. गोड बोलल्यावर माणसानं त्या आगीचं करायचं काय?

"उचल," मी म्हटलं.

उचलला. पायऱ्या चढलो. ती बाई माझ्याबरोबर वर येत होती, नाकासमोर. आणि मला वाटलं, हिला. आख्खीच्या आख्खी. एका दणक्यात. तुकडे फोडून दोन रात्री झोपले, हिला फोडली तर महिनाभर झोपेन. याला काही होणार नव्हतं. हे मी नीट पाहिलं होतं, शपथ! ओरडायचं, हात उघडायचे, मी वळणाच्या कोपऱ्यात उडी मारायची, तो वरच्या पायरीवर. त्याच्या अंगात मुरलेला नियम आहे. माझ्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, त्याचे हात आपोआप उघडतात.

मी ओरडले, "सोडलं!"

आणि हात उघडले.

कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले, आवाजाची वाट बघत. आवाज आला नाही. डोळे उघडले तर आरसा तिरका लोंबतोय. वरून. हा दोन्ही पाय रोवून मागे रेललाय आणि उजवा हात सरळ ताणलेला.

"सोड! सोड की मेल्या! सोड!"

"तू बाजूला हो," एवढंच म्हणाला.

त्याला सोडताच येत नव्हता. आरशाची खालची कड पायरीवर टेकली, मधून आडवी चीर गेली, आणि वरचा अर्धा त्याच्या हातावर आला. तेव्हा झाला आवाज. ज्या आवाजासाठी मी इतकं केलं तो आवाज! मला तो ऐकूच आला नाही. मला फक्त त्याचा "आई गं" ऐकू आला.

पायऱ्यांवरून रक्त आलं, काचांच्या मधून वाट काढत. मी चढले, गुडघ्यांवर, हातांवर. सदऱ्याची बाही फाटली होती. आणि पट्टा मनगटावर होता. एकदा नाही, दोनदा गुंडाळलेला, टोक आत खोचलेलं, वरून बाहीचं बटण. जन्मभर ज्यानं सगळ्यांना शिकवलं त्याच्या मनगटावर!

पट्टा मी आरशाच्या तुकड्यानं कापला. नाचवाली वरून धावत आली, ओढणी काढून त्याच्या दंडाला करकचून आवळली, गुडघा लावून. मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! ती नसती तर हा जिन्यावरच संपला असता.

१५ मार्च

वन्संनी माझ्या थोबाडीत मारली. दवाखान्याच्या दारात, लोकांसमोर. "माझ्या भावाला खाल्लंस!" माझा हात वर गेला. पण तिथेच राहिला, खालीही येईना. वन्सं त्या हाताकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याच गळ्यात पडून रडल्या.

सगळे मला विचारतात कसं झालं. मी सांगते, घामानं सुटली. सगळे त्याला विचारतात पट्टा मनगटावर कसा. तो सांगतो, चुकून.

१६ मार्च

ती साडी सापडेना. वर गच्चीवर गेले तर वाळत घातलेली. वन्संनी धुतली. डाग नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "थंड पाण्यात मीठ घालायचं असतं. एवढंही येत नाही."

१९ मार्च

त्याची पट्टी बदलणारी डॉक्टरीण वयानं वन्संएवढी. पट्टी त्याची बदलत होती, पण नजर माझ्यावर. मी खिडकीशी उभी राहून घाम पुसत होते. मला बाहेर घेऊन गेली.

"किती दिवस झोप नाही?"

मी म्हटलं, दिवस नाही, वर्ष होत आलं. आणि मग माझं तोंड सुटलं. तांब्या, ब्रश, पातेलं, पिंप. सगळं सांगितलं. जिन्यातलं सोडून. तिनं मध्ये एकदाही "वय" हा शब्द काढला नाही. म्हणाली, हे शरीरातलं बिघडलेलं आहे, स्वभावातलं नाही. याला उपचार आहे. तपासण्या करू, मग औषध ठरवू. दुपारनंतर चहा बंद. रात्री पंखा अंगावर, जाड पांघरूण नको. जाग आली तर गादीत तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. आणि ठरल्या वेळेलाच उठायचं, झोप होवो न होवो.

एवढंच? एवढंच होतं? मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि तिचा गळाही धरावासा वाटला. हे मला आधीच का नाही कोणी सांगितलं? त्या गोळेवाल्या डॉक्टरनं का नाही सांगितलं? आता सांगून काय उपयोग? त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत!

२७ मार्च

झोपले. सरळ सकाळपर्यंत. औषध लागू पडलं असावं, नाहीतर अंग थकलं असावं.

उठले तर हा जागा. हात ठणकतो त्याचा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी घोरत होते म्हणे!

"मग तांब्या फेकायचा होतास," म्हणून गेले आणि जीभ चावली.

"डाव्या हाताला नेम नाही," म्हणाला.

३१ मार्च

दुकान उघडलं. एकटीनं. लहान कामं घेते. मोठं काम आलं की नाही म्हणते. मागे पिंपात तुकडे साठलेत. हातोडी हातात घेतली आणि ठेवून दिली. आता तो आवाज नको.

झोप लागते हल्ली. लागते तेच सहन होत नाही. कोणत्या तोंडानं झोपतेस गं, असं सकाळी आरशातल्या त्या बाईला विचारते.

५ एप्रिल, रविवार

रात्री विचारलंच. "पट्टा का गुंडाळला होतास?"

छताकडे बघत म्हणाला, "महिनाभर रोज गुंडाळत होतो. तुझे हात घामानं निसटत होते. जिन्यावर खाली तू. तुझ्याकडून गेली असती तर सगळी तुझ्या अंगावर आली असती."

"मग बोलायचं नाही? एका शब्दानं?"

"बोललो असतो तर तांब्या लागला असता."

म्हणजे त्या रात्री हा जागा होता.

मी म्हटलं, "माझ्या हातातून सुटली नाही. मी सोडली."

"माहितेय."

"कसं?"

"ज्याच्या हातून सुटते त्याला ओरडायला वेळ मिळत नाही."

त्यानं डावा हात लांब केला, माझ्या अंगावरचं पांघरूण ओढून बाजूला सारलं आणि म्हणाला, "उकडत असेल तुला."